सात मुठी मीठ

३ नोव्हेंबर

दादा,

‘तीर्थरूप’ लिहिणार होते, पण सतरा वर्षांत एक ओळ न लिहिणाऱ्या बहिणीला एवढा थाट शोभत नाही. मी बुटकी. तू गेलास तेव्हा नऊ वर्षांची होते आणि दुकानातल्या मांस कापायच्या ठोकळ्यापाशी उभं राहायला मला पाट लागायचा. आता सव्विसावं सरलं, पाट अजून लागतो. तेव्हा नाव तेच आहे.

तुझा पत्ता आप्पांच्या मिठाच्या वहीत मिळाला. जागा बदललीस की तू पत्त्याचं एक कार्ड टाकायचास ना? सहाच्या सहा तिथे आहेत, नीट दाबून ठेवलेली. ती येत होती हे मला कधी कळूसुद्धा दिलं नाही त्यांनी.

आता मुद्द्याचं. वीस दिवसांपूर्वी आप्पांच्या अंगावरून वारं गेलं. समोर गिऱ्हाईक होतं. त्यांनी सुरा पुसला, जागेवर ठेवला, बाकावर बसले ते उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कळतं मात्र सगळं. मागच्या खोलीचं दार मी उघडं ठेवते, म्हणजे त्यांना खाटेवरून दुकान दिसतं. सुरी जरा वाकडी धरली की त्यांची नजर पाठीला टोचते.

आणि माझ्या तळघरात नऊ घरांची नऊ डुकरं टांगलेली आहेत. तुला माहीतच आहे, ही माणसं वर्षभर एक जनावर पोसतात, थंडी पडली की आपल्याकडे आणून देतात आणि महिनाअखेरीला सॉसेज नि खारवलेल्या मांड्या घेऊन जातात. हिवाळाभर तेवढंच मांस, दुसरं नाही. टपालवाले, शाळेतल्या बाई, पाच पोरांची परटीणबाई, घड्याळवाले काका. हो, तेसुद्धा. काकी गेल्या तरी त्यांनी आपलं दुकान सोडलं नाही. आप्पांच्या हातावर विश्वास आहे म्हणतात.

खिमा काढणं, आतडी धुणं, भरणं, बांधणं, धुरी देणं, सगळं येतं मला. घोडं अडलंय ते मिठापाशी. मीठ, सोरा आणि साखर यांचं मांस टिकवायचं मिश्रण आप्पांनी पिंपात तयार करून ठेवलंय, पण परातभर खिम्याला ते किती घालायचं? आपल्या घरात मिठात हात फक्त मालकाचा. मला कधी जवळ उभंसुद्धा केलं नाही. वहीत मुठींचा हिशेब लिहिलाय. तू दहा वर्षं त्यांच्या शेजारी काम केलंस. मला वजनात सांग. ग्रॅममध्ये सांग, वाटीत सांग, कशातही सांग, मुठीत नको. कमी पडून मांस बिघडलं तर काय होतं ते या घराला सांगायला नको.

तुझं उत्तर येईपर्यंत मी मांसाला मीठ लावत नाही. पण मांस काही माझ्यासाठी थांबणार नाही, तेव्हा हातातलं काम टाकून उत्तर लिही.

तुझी,
बुटकी


१४ नोव्हेंबर

बुटके,

पत्र काल मिळालं. इथे खाणीवर टपालाची गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी येते, रस्ता बंद झाला तर तीही नाही. मी दोनशे माणसांचा स्वयंपाक करतो. मांस कापायला दुसरा माणूस आहे. मी सुऱ्याला हात लावत नाही.

तुला वजन सांगता येणार नाही. लपवतोय असं समजू नकोस, मलाच ठाऊक नाही. दहा वर्षं त्यांच्या शेजारी होतो खरा, पण मिठाच्या पिंपाकडे पाठ करून. ‘तू आपली आग सांभाळ,’ एवढंच ते म्हणायचे. धुरीघर माझ्याकडे होतं.

आणि तेवढंही मला सांभाळता आलं नाही. घरात तुला काय सांगितलंय कोण जाणे, म्हणून मीच सांगतो. त्या वर्षी एका दुपारी मी धुरी सोडून एका मुलीला भेटायला गेलो. परत आलो तर राख गार. पुन्हा पेटवली आणि मूग गिळून बसलो. त्याच खेपेचे सॉसेज घड्याळवाल्या काकींनी खाल्ले, आणि पाचव्या दिवशी त्या गेल्या. मग मी आप्पांपाशी जाऊन बोललो, आग विझली होती म्हणून. ते म्हणाले, ‘मग तुझ्यामुळेच.’ दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर उभं राहून त्यांनी तेच सगळ्या गल्लीला ऐकवलं. महिन्याभरात मी घर सोडलं.

काकी कशा गेल्या ते मी पाहिलंय. तुला तेव्हा मावशीकडे धाडलं होतं ते बरं केलं. मी ते लिहिणार नाही. तू एकटी, घरात आजारी माणूस, तुला कशाला ते.

माझं ऐकशील तर मांस दुसऱ्या खाटकाच्या गळ्यात घाल. ते जमत नसेल तर आगीपासून क्षणभर हलू नकोस. मला कळतं ते एवढंच. आप्पांना मी पत्र लिहिलं हे सांगू नकोस.

दादा


२१ नोव्हेंबर

दादा,

मी थाप मारली होती. तुला पत्र टाकलं त्याच दिवशी मी मिठात हात घातला. दोन डुकरांच्या मांड्यांना हाडाशी वास यायला लागला होता. तू रागावशील म्हणून लिहिलं नाही. आता रागाव.

पण अगदीच ढ नाही हं मी. वहीत ‘सात मुठी’ लिहून वर काट मारलीय, बाजूला ‘अकरा’ लिहिलंय, आणि खाली तारीख आहे, तू गेलास त्याच्या पुढच्या जानेवारीची. आधी काही सुधरेना. सात खरं की अकरा? मग डोक्यात प्रकाश पडला. तू जायच्या आधीच्या उन्हाळ्यात खिम्याच्या यंत्रात आप्पांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली नव्हती का? तीन बोटांच्या मुठीत मीठ राहतंय कुठे, निम्मं गळून जातं. म्हणून अकरा. म्हणजे धड हाताला सातच. माझी पाचही बोटं जागच्या जागी आहेत. मी सात घातल्या. आहे की नाही तुझी बहीण हुशार?

आप्पांना मात्र ते रुचलं नाही. मी सांगायला गेले, ‘सात घातल्या हो, आप्पा,’ तर डाव्या हाताने खाटेची फळी बडवायला लागले. बडवतात, थांबतात, माझ्या हाताकडे बघतात, पुन्हा बडवतात. चेहरा लालबुंद. मी म्हटलं, ‘पोरीचा हात मिठात गेला म्हणून एवढा संताप? मग कुणाचा घालू?’ आणि रडत बाहेर आले. तीन दिवस त्यांना नुसतं भरवलं, बोलले नाही. जायच्या वाटेवरच्या माणसाशी मी अबोला धरला, बघ.

तुझं पत्र आल्यापासून धुरीघरातच ठाण मांडून बसते. आग एकदाही विझू दिली नाही. सॉसेज असे लालचुटूक झालेत की बघत राहावं. वासही छान.

परवा चव घेतली. आपला नियम तुला ठाऊक आहे, ज्याचा हात मिठात त्याने पहिल्यांदा खायचं, आणि त्याला काही झालं नाही तर पाच दिवसांनी गिऱ्हाइकाला द्यायचं. मी पाच चकत्या कापल्या आणि मुद्दाम आप्पांच्या खाटेपाशी जाऊन बसले, म्हटलं, त्यांना बरं वाटेल. तर त्यांनी डाव्या हाताने माझी ताटली ओढली! पाचही खाल्ल्या. मी एक उचलायला गेले तर फटका मारला. ताटली बोटाने निपटून काढली शेवटी. मला हसूच आलं. म्हटलं, चला, राग गेला एकदाचा, आणि मालकी काही सुटत नाही.

पण कालपासून त्यांचं काही खरं नाही, दादा. पापण्या खाली पडल्यात, त्या उघडता येत नाहीत. घोटभर पाणीसुद्धा गिळवत नाही, बाहेर येतं. डाव्या हातात जोर होता तोही गेला. डॉक्टर म्हणाले, हा दुसरा झटका. पहिल्यानंतर असा येतोच म्हणाले.

तीस तारखेला नऊ घरं टोपल्या घेऊन दारात येतील. मी हात टेकले रे. दोन दिवसांसाठी ये. पायरीवर नको उभा राहूस, मागच्या दाराने ये, पण ये.

बुटकी


तार, २७ नोव्हेंबर

मांस कुणालाही देऊ नकोस. तू खाऊ नकोस. आप्पांना झटका नाही, मांस बाधलंय. ही तार डॉक्टरांना दाखव. पत्र मागून येतंय. दादा


२७ नोव्हेंबर

बुटके,

टपालाच्या गाडीत बसूनच खाली आलो, तारघराच्या बाकावर बसून लिहितोय. अक्षर लावून घे.

घड्याळवाल्या काकींचं असंच झालं होतं. पहिल्या दिवशी म्हणाल्या, एकाची दोन दिसतात. घरभर भिंतीवर घड्याळं, आणि त्यांना प्रत्येकाची दोन. मग पापण्या पडल्या. मग स्वतःची थुंकीसुद्धा गिळवेना. शेवटपर्यंत शुद्धीवर होत्या, सगळं ऐकत होत्या. मागच्या पत्रात मी हे लिहिलं असतं तर वीस तारखेलाच तुला कळलं असतं. नाही लिहिलं. तुला त्रास नको म्हणून! माझ्यासारखा मूर्ख मीच.

आता तुझ्या हुशारीबद्दल. अगं, धड हात म्हणजे कुणाचा धड हात? आप्पांची मूठ म्हणजे फावडं होतं. तुझ्या दोन मुठी तिच्यात आरामात बसल्या असत्या. सात म्हणजे त्यांच्या पाच बोटांच्या सात. तू निम्मं मीठ घातलंस, निम्मा सोरा. अशा मांसाला वास येत नाही, रंग बदलत नाही, म्हणून तर ते घात करतं. म्हातारा रागावला नव्हता. ‘अजून घाल, अजून घाल,’ म्हणत होता.

हे लिहून मी उठणार होतो. मग वहीतली ती जानेवारीची तारीख डोळ्यांपुढे आली आणि तसाच बसून राहिलो.

बोटं गेली उन्हाळ्यात. त्या हिवाळ्यात त्यांनी तीन बोटांनी सातच मुठी घातल्या, कारण वहीत सात होतं आणि त्यांना काही सुचवायची कुणाची छाती नव्हती. काकी गेल्या त्या मिठाने; आप्पांनी चाखलेला तुकडा बरा निघाला असेल, हे विष प्रत्येक सॉसेजात नसतं. माझ्या आगीने नाही. आणि जानेवारीत त्यांनी साताचे अकरा केले. म्हणजे जानेवारीत त्यांना कळलं होतं. फेब्रुवारीत माझं पहिलं कार्ड त्यांच्या हातात होतं, पत्त्यासकट.

एक ओळ लिहायची होती त्यांना. ‘आग नव्हती रे, मीठ होतं.’ सतरा वर्षं मी रोज सकाळी चूल पेटवताना काकींचा चेहरा बघतो. लग्न केलं नाही. कुणाच्या ताटात स्वतःच्या हाताने मांस वाढलं नाही. आणि म्हातारा माझी कार्डं वहीत दाबून ठेवत होता.

जगोत की मरोत, मी येणार नाही. माझी वाट बघू नकोस. नऊ घरांना मांसाचं तू सांग, तुझ्या हातचं आहे, तुलाच सांगायला हवं. माझ्याबद्दल एक अक्षर बोलू नकोस. मला आता त्यांची दया नको.

दादा


२ डिसेंबर

दादा,

तार अठ्ठावीसला दुपारी आली. तशीच डॉक्टरांकडे पळाले. त्यांनी वाचून कपाळाला हात लावला. यावर इंजेक्शन असतं, पण मोठ्या दवाखान्यात. लगेच गाडी धाडली. गाडी एकोणतीसला सकाळी नऊ वाजता परत आली. आप्पा आठ वाजता गेले.

तो घास माझा होता, दादा. मिठात हात माझा, नियमाने मरायची मी. त्यांनी फळी बडवून सांगितलं, मला कळलं नाही. मग जीभ नाही, उजवा हात नाही, अशा माणसाने करावं तरी काय? ताटली ओढली. मला एक तुकडासुद्धा मिळू नये म्हणून निपटून खाल्लं. मी समोर बसून हसत होते. आता कितीही डोकं आपटलं तरी ते हसणं परत घेता येत नाही.

तुझ्याशी ते असं वागले आणि माझ्यासाठी असं केलं. दोन्ही एकाच माणसाने. मी त्यांच्या उशाशी बसून त्यांना बोल बोल बोलले आणि मग पायांवर डोकं ठेवलं. यापलीकडे मला काही सुचलं नाही.

तीस तारखेला नऊ घरं आली. टोपल्यांत स्वच्छ फडकी घातलेली. मी पायरीवर उभी राहिले आणि सांगितलं, मांस विषारी झालंय, मीठ माझ्या हाताने कमी पडलं, एका घरालाही काही मिळणार नाही. आणि तुझंही सांगितलं; तार आली त्या रात्री वही पुन्हा उघडली तेव्हा माझी मूठ केवढी आणि ती जानेवारीची तारीख कशाची, दोन्ही उमगलं होतं. सतरा वर्षांपूर्वी काय झालं, आप्पांना कधी कळलं, वहीचं पान वर धरून सगळं. सांगू नकोस म्हणणारं तुझं पत्र आज आलं. आधी आलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

परटीणबाई टोपली मांडीवर घेऊन पायरीवरच बसली. म्हणाली, ‘मग पोरांना काय घालू ते तरी सांग.’ शाळेतल्या बाईंनी तिला उठवून नेलं. एकेक करत सगळे गेले. घड्याळवाले काका तेवढे राहिले. त्यांनी विचारलं, ‘म्हणजे पोरगा नव्हता?’ मी म्हटलं, नव्हता. ते म्हणाले, ‘सतरा वर्षं रोज झोपायच्या आधी मी त्याला शिव्या घातल्या. एक दिवस चुकवला नाही.’ आणि गेले.

नऊ डुकरांचं मांस मी एकटीने मागच्या खड्ड्यात टाकलं आणि वर चुना ओतला. दोन दिवस लागले. माझे हात सोलून निघालेत, बरं झालं.

आणि ऐक, तळघर रिकामं झालं तिथे मी आप्पांना ठेवलंय. बर्फाच्या लाद्यांवर, पांढऱ्या चादरीत. दुसरं काय करू? न्यायला चार खांदे लागतात आणि गल्लीत माझ्यासाठी एक दार उघडत नाही. तीन दिवस मी दारोदार फिरले. पडदे हलतात, कड्या निघत नाहीत. त्यांची चूक नाही.

तुला ये म्हणत नाही. तुझ्या जागी असते तर मीही आले नसते. पत्र बंद करत होते, तेवढ्यात काका आले आणि कागद मागितला. त्यांनी काय लिहिलंय ते मी वाचलेलं नाही. सोबत घालते.

बुटकी


(सोबतचा कागद)

पोरा,

मी घड्याळवाला. हात बारीक कामाचा आहे, लिहिण्याचा नाही, तेव्हा थोडक्यात.

तुझ्या बापाला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही, मला तसं सांगायला येऊ नकोस. त्याने मला भलत्याच माणसाला शिव्या घालायला लावल्या आणि दर हिवाळ्यात माझ्या हातात मांस ठेवताना तो माझ्या डोळ्यांत बघत होता. पण माणूस तळघरात ठेवून आपण जेवायला बसावं, हे मला जमत नाही. दोन दिवस जेवलेलो नाही.

एक खांदा मी देतो. दुसरा डॉक्टर देणार आहेत, त्यांनाही झटका कुठला आणि विष कुठलं ते कळलं नव्हतं, म्हणून असेल. तिसरा तुझी बहीण देते म्हणते. लाकडी टाचा ठोकून देईन तिच्या बुटांना. चौथा तुझा. काल टपालवाला मान खाली घालून म्हणाला, मी येतो. मी त्याला घरी पाठवलं. ती जागा भरायची नाही.

तू यायचं की नाही ते तू ठरव. थंडी पुष्कळ आहे, आम्ही थांबू शकतो. मला तुझ्याशी पायरीवर उभं राहून बोलायचंय, सगळ्यांच्या देखत. ते कागदावर लिहिलं तर तू एकटाच वाचशील.

घड्याळवाला


तार, ८ डिसेंबर

निघालोय. चार दिवस लागतील. मी पोचेपर्यंत माझ्या आप्पांना कुणी उचलू नका. दादा